आकृती सहा

राइस्वाइकच्या काचेच्या इमारतीत, चौदाव्या मजल्यावर,
मी दिवसभर अशा माणसासोबत बसते, जो नाहीच.
कायदा त्याला म्हणतो : त्या क्षेत्रातला जाणकार.
जगात छापलेलं सगळं त्यानं वाचलंय,
जपानी प्रबंध, विसरलेल्या परिषदांची टिपणं,
पण कल्पना एकसुद्धा सुचत नाही बिचाऱ्याला.
नाकासमोर चालतो.
त्याला जे सहज जमलं असतं, त्याला पेटंट नाही.
अकरा वर्षं झाली. नवऱ्याला विचारलं नसेल
इतक्यांदा मी त्यालाच विचारलंय :
तू काय केलं असतंस?

आज त्याच्यापुढे ट्रॉन्डहाइमच्या एका कंपनीचा अर्ज.
यंत्रशिक्षणानं खोटी हृदयं बनवण्याची पद्धत.
खोटी म्हणायचं नाही. कृत्रिम विदा.
तान्ह्या मुलांचा एक दुर्मीळ आजार,
एक्केचाळीस बाळांचे खरे आलेख
आणि त्यांच्यावरून जाळ्यानं विणलेले चाळीस हजार,
ज्यांच्यामागे आई नाही, दुपटं नाही,
ज्यांच्यासाठी कुणाची परवानगी मागावी लागत नाही.
परिच्छेद सत्तेचाळीस म्हणतो, हाच मुख्य लाभ.

पहिला दावा :
गोंगाट घ्यावा, गोंगाटातून रेघ काढावी,
दुसऱ्या जाळ्याला विचारावं, खरी वाटते का,
नाही म्हणालं तर पुन्हा.
कशासाठी, ते लिहिलेलं नाही.
मी लिहिलं : आकड्यांतून आकडे काढणं हे नुसतं गणित,
गणिताला आम्ही कुंपण घालू देत नाही,
हृदय कुठं आहे ते दाव्यात सांगा.
आणि जाळं कशावर शिकलं, तेही.
ताकाला येऊन भांडं लपवू नये,
हे मात्र लिहिलं नाही.

चार वाजताच अंधारलं.
आकृती तीन : बाळ क्रमांक सतरा, खरं.
आकृती सहा : कृत्रिम नमुना.
का कोण जाणे, दोन्ही कागद छापले,
एकावर एक ठेवून टेबलावरच्या दिव्यासमोर धरले.
रेघ रेघेवर बसली.
तिसऱ्या ठोक्यानंतर एक बारीकशी उडी,
उचकी असावी,
किंवा तारा लावलेल्या असताना, कुठल्याशा रात्री,
कुणी तळपायाला गुदगुल्या केल्या असतील.
ती उडी इथंही. तीच.
यंत्रानं बाळ बनवलं नव्हतं.
पाठ केलं होतं.

जाणकाराकडे पाहिलं. तो गप्प.
उचकी त्याच्या वाचनात नव्हती.

माझे वडील ग्रोनिंगनकडे, समुद्राहून खाली असलेल्या आमच्या गावात,
कालव्याची पातळी मोजायचे.
रोज साडेसहाला, शाईनं, एका लांबट वहीत.
ताप असला की
कालचा आकडा बघायचे, परवाचा बघायचे,
अंथरुणातूनच आजचा ठरवायचे
आणि पेन्सिलीनं लिहायचे.
बहुतेकदा बरोबर यायचा.
तरी पेन्सिलीनंच.
"उद्या कुणी ह्या वहीवरून बांध घालेल," म्हणायचे,
"त्याला कळू दे, मी कुठं नव्हतो."

कॉफीच्या यंत्रापाशी ग्राझिएला म्हणाली, फेटाळ.
ओटमार आमचे अध्यक्ष, बारा गावचं पाणी प्यायलेले :
चाळीस हजारांत एखादा निघायचाच, मुदत दे, सुधारतील.
एखादा, हे त्यांना कसं कळलं?
मला नाही कळलं. माझ्याकडे आकृत्या नऊच.

पत्रात 'उचकी' खोडून 'स्थानिक विचलन' केलं.
आकृती सहामधील विचलन आकृती तीनशी तंतोतंत जुळते,
सबब परिच्छेद सत्तेचाळीसमधला लाभ
ह्या अर्जावरून सिद्ध होत नाही.
उत्तराला चार महिने.
खाली सही, सी. हूकझेमा.

सतरा आता केवढं असेल, हे विचारायला रकाना नाही.
असेलच का, त्यालाही नाही.

निघताना सहाव्या आकृतीच्या कोपऱ्यात
पेन्सिलीनं १७ लिहिलं.
हे नियमात बसत नाही.
ट्राम चुकली.