पट्ट्याला पीळ

हत्तुरेसरांनी विमान बांधलं पत्र्याच्या शेडात,
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत,
शेजारचे माग खडखडत असताना, नऊ वर्षं.
पंख असे की बिजागरीवर मागं वळून
शेपटीला टेकतात,
थंडीत कोंबडी अंगाशी घेते तसे.
आकाशाचं सर बघतील.
माझ्याकडं आलं ते रस्त्याचं काम :
शेडापासून बोरामणीच्या अलीकडच्या माळापर्यंत,
वीसेक किलोमीटर,
न मोडता.

मी मागावरचा जॉबर. एकतीस वर्षं
ताण्याचा ताण बोटानं ओळखला.
जास्त ओढला तर तटकन तुटतो,
सैल सोडला तर धोटा अडकतो.
सर म्हणाले, यल्लय्या, पट्टे तुम्हीच बांधा.

पट्टा पंखावरून घ्यायचा नाही. कधीच नाही.
पंख वारा पेलतो, पट्टा नाही.
बांधायची चाकं, लाकडी ठोकळ्यांत बसवून,
आणि तिथं, जिथं लोखंड लोखंडाला भेटतं.
इंजिन हुकाच्या बाजूला,
म्हणजे ट्रेलर ढुंगण हलवत नाही.
पेट्रोल काढून कॅनमध्ये.
पंखांची टोकं लाकडी घोड्यावर, आणि घोड्यावर
दोन चादरी घरच्या,
एक राजव्वाच्या माहेरची, मोराची.
ती काही बोलली नाही. फक्त घडी उलटी करून दिली,
मोर आत.
पिना आठ, प्रत्येकीला लाल चिंधी.
सरांनी मोजल्या. मी मोजल्या.
सरांनी परत मोजल्या.

पहाटे पाचला निघालो, वारा झोपेत असतो तेव्हा.
मौलालीचा पिकअप, ताशी तीस.
"काय बे, मुंगीच्या वरातीत निघालोय का?"
मी मागं मोटारसायकलवर. नजर पट्ट्यावर.

तीन किलोमीटरवर थांबलो. ठरलंच होतं.
नवा पट्टा घरून निघताना खोटं बोलतो,
जरा हादरे बसले की खरं.
दोन दात आवळला. टक्. टक्.

मार्केट यार्डापाशी कांद्याच्या ट्रकांची रांग,
वाटभर टरफलं, गुलाबी, बिनवजनाची.
एक उडून आलं आणि पंखावर बसलं.
पोत्याखालून मान तिरकी करून हमालानं विचारलं,
"नाकतोडा हाय काय वो?"
होय म्हटलं. त्याला तेवढं पुरलं.

हायवेला लागलो तशी हैदराबादची बस अंगावरून गेली.
बस आधी ढकलते, मग ओढते.
सगळा सांगाडा एक श्वास घेतल्यागत हलला
आणि डावा पट्टा गुणगुणायला लागला.

ही गुणगुण मला ठाऊक आहे.
तुटायच्या आधी सूत असंच बोलतं,
शेडातल्या तीस मागांच्या गोंगाटातनंही
मला ते ऐकू यायचं,
राजव्वाची हाक यायची नाही.

हॉर्न दिला. मौलाली बाजूला लागला.
पट्टा सोडला. सपाट पट्ट्यात वारा शिरतो,
थरथरवतो, दात हळूहळू सरकवतो.
एक पीळ दिला. पुन्हा आवळला.
एवढंच.
पुढं माळापर्यंत तो गप्प.

पिना काढल्या. आठ.
पंख उघडताना सरांचे हात कापत होते,
माझे नव्हते, माझं काम संपलं होतं.
नंतर ते उडालं. चार मिनिटं म्हणे.
मी तेव्हा खाली वाकून
बिजागरीतून गळून पडलेलं ते टरफल बघत होतो,
इतका रस्ता, इतका वारा,
आणि त्याला कुणी बांधलंही नव्हतं.

परतताना रिकामा ट्रेलर
प्रत्येक गतिरोधकावर असा उसळायचा
की मौलाली म्हणाला, खरं हेच उडतंय बे.

राजव्वानं चादर झटकली, वास घेतला, नाक मुरडलं.
मोर शाबूत.
"उडालं का?"
"पोचलं," मी म्हणालो.