सूत

सुपरच्या दुसऱ्या मजल्यावर
डॉक्टर पेनाने हृदय काढून दाखवत होते.
इथे नव्वद टक्के, इथे पंच्याण्णव,
ही तर बंदच.
बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं,
"सांधाचं सूत कोन्या नंबरचं हाय जी?"

डॉक्टर हसले नाहीत.
म्हणाले, केसाहून बारीक असतं,
डोळ्यांना भिंग लावून शिवतो.
"मंग ठीक हाय," बाबा म्हणाले
आणि सही केली, डोमाजी गणबाजी निखारे,
तांडापेठेच्या सोसायटीत मजुरी घेताना करायचे तशी,
खाली रेघ ओढून.

शीर डाव्या पायातून काढणार होते.
तोच पाय.
चाळीस वर्षं खड्ड्यात सोडलेला, पावडी दाबणारा.
आईने कांड्या भराव्यात, त्याने संपवाव्यात.
माग भंगारात गेला त्या वर्षी
जेवायला मांडी घातली तरी
हलतच राहायचा.

मे महिना. बाहेर सेहेचाळीस.
मेडिकलच्या कडुनिंबाखाली आमची चटई,
आईच्या पदराला कांदा बांधलेला, उन्हासाठी.
आत त्यांचं अंग थंड करून ठेवलं होतं.

अकराच्या सुमारास सिस्टर सांगून गेली,
हृदय थांबवलंय, मशीनवर आहेत.
आई माझ्याकडे पाहत राहिली.
थांबवलंय म्हणजे?
मी काय सांगणार, मी बीकॉम.
मग तीच म्हणाली,
पदराची गाठ सोडत, पुन्हा बांधत,
"चालत्या मागावर कोनी धागा सांधते का?"

एक तास बारा मिनिटं.
हे नंतर फाइलीत वाचलं.
तेवढा वेळ कुठे होतात, विचारलं
तर म्हणतात, "खड्ड्यातच असन."

आता खोकला आला की उशी छातीशी घट्ट.
सावजी बंद.
जवसाची चटणी, तीही बिनमिठाची,
खातात आणि ताटाकडे बघत नाहीत.
अंघोळीआधी मात्र आरशापुढे उभे राहून
शिवण तपासतात वरून खाली,
एका जागी बोट थांबतं,
"इथं घाई झाली पोट्ट्याची."

पाय हलत नाही हल्ली.
खुर्चीखाली नुसता असतो,
पोटरीवरून घोट्यापर्यंत रेघ घेऊन.

रात्री कूलर बंद केला
की खोलीत काहीतरी चालू असल्याचं कळतं.
मला ऐकू येत नाही,
आई म्हणते येतं.
भिंतीकडे तोंड करून पडलेली असते,
अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरत,
कांडी भरत.