कूलर बंद असताना

एप्रिलचा दुसरा आठवडा. गोपालनगरात तिसऱ्या माळ्यावर
कुणाच्या तरी मागच्या गॅलरीत
मी उकिडवा बसलोय, अर्धा कूलरच्या पोटात.
मागच्या वर्षीची खस उपसतोय.
काळी, कुजकी, चिकट. तिच्यात कबुतराचं पीस,
एक रबरबँड
आणि बाहुलीची निळी चप्पल, एकच.

बाई दारातून म्हणतात,
"रेडिओ लावून देऊ का भाऊ? कंटाळा येत असन तुमाले."
राहू द्या ताई, म्हणतो.
का, ते सांगत नाही.
सांगायचं तर बोलावं लागेल, आणि आत्ता कुठे
डोक्यातला गाळ खाली बसतोय.

हातांना त्यांचं काम ठाऊक आहे. बावीस उन्हाळे झाले.
मूठभर नवी खस घ्यायची, बोटांनी सोडवायची,
जाळीवर अंथरायची. विरळ नको, गच्चही नको.
गच्च भरली तर वाराच शिरत नाही.
(हे मी फक्त कूलरबद्दल बोलतोय.)
मग तार. वरून खाली, खालून वर.
हात असे गुंतले की डोकं सुटतं
दावं काढलेल्या गायीसारखं,
आणि कुणी न हाकताच
आपल्या ओळखीच्या बांधाकडे चालू लागतं.

असंच एकदा, हनुमाननगरच्या एका गच्चीवर,
मला एकट्याला कळलं होतं
की पाणी उडून जातं म्हणून वारा थंड होतो.
म्हणजे घरातला गारवा
कुणाच्या तरी निघून जाण्यातून येतो.
शाळेत शिकवलंही असेल. मी मागच्या बाकावर होतो.
पण त्या दुपारी ते माझं होतं,
पुस्तकातलं नव्हतं.
संध्याकाळी बायकोला सांगितलं. रजनी म्हणाली,
"अन् मंग पाणी कोन भरते, रोजच्या चार बादल्या?"
तेही खरंच.
त्यावर मी पुढचे दोन कूलर विचार केला.

यंदा सोबत भाचा आहे, सुगत. एकोणीस वर्षांचा.
कानात सतत काहीतरी घातलेलं,
गाणी, सामने, कोण कुणाला काय म्हणालं ते.
आज पारा चव्वेचाळीसवर. त्याचा फोन तापला
आणि बंदच पडला.
पहिली दहा मिनिटं पोरगं नुसतं तडफडलं.
गाडीच्या हप्त्याबद्दल बोललं, मोटारच्या वायरला शिव्या दिल्या,
बाहुलीच्या चपलेवर एक विनोद केला.
मी हं म्हणालो, फक्त हं.
मग त्याचंही हं संपलं.

खाली कुणीतरी बादली ठेवली. कडुलिंबावर
एक कावळा चोच उघडी टाकून बसलेला.
तारेचा जाळीवर घासल्याचा आवाज, बस.
मी त्याच्याकडे पाहिलं नाही.
खिडकीत चिमणी बसली की मान वळवू नये.

दुसरी जाळी अर्धी झाली असेल.
"मामा," तो म्हणाला, "बाबा गेले तेव्हा
मी रडलोच नाही ना?"

तीन वर्षं झाली त्या गोष्टीला.
कितीतरी बोलता आलं असतं.
रजनीने बोललं असतं, बरंच आणि चांगलं.
मी म्हणालो, नाही,
आणि तारेचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं.
त्याने ओढून धरलं. मी पीळ दिला.
पुढच्या तीन टाक्यांपर्यंत
तार थोडी थरथरत होती. मी पक्कड मागितली नाही.

बटण दाबलं. सगळं घर घरघरलं.
ओल्या खशीचा वास सुटला, आतून लेकरं ओरडली,
बाईंनी माठातलं पाणी दिलं, काहीतरी विचारलं,
पंख्याच्या आवाजात ऐकू आलं नाही.
निळी चप्पल मी खिडकीच्या कठड्यावर ठेवली,
ज्याची त्याला सापडेल.

प्रतापनगर चौकात, सिग्नलच्या उन्हात,
सुगतचा फोन परत सुरू झाला.
स्कूटरच्या आरशात दिसला मला.
एका कानात घातलंय त्याने.
दुसरा, माझ्या बाजूचा,
मोकळा.