झोपे, रात्रपाळी

हजेरीपटावर माझं नाव असंच आहे:
झोपे, रात्रपाळी.
सावद्याच्या शीतगृहात सगळे हसून झाले होते,
तेव्हा कॉम्प्रेसर बसवायला
जपानहून तानाबे आला, बावीस दिवसांसाठी.

दुभाष्या पोराने त्याला आडनाव फोडून सांगितलं.
तो हसला नाही. कमरेत वाकला.
आमच्याकडे असं आडनाव नाही म्हणाला,
शब्द मात्र पुष्कळ.

मग पहाटे थर्मासच्या झाकणात चहा ओतताना
सुटे पैसे मोजून द्यावेत तसे देऊ लागला.

इनेमुरी म्हणजे हजर राहून झोपणं.
म्हटलं, आमचे भंगाळे मास्तर
असेच हजर होते तीस वर्षं.

बसल्या बसल्या पेंगणाऱ्याची मान पुढेमागे जाते,
तो म्हणे नाव वल्हवतो.
म्हणजे मे महिन्यात, वरण-बट्टी जेवून,
अख्खं सावदा नावा काढतं
तापी इतकी लांब असून.

झाकोने सांगताना त्याने बोटं एकमेकांत कोंबली,
टोपलीतली बारकी मासळी.
मला मामाच्या लग्नातली सतरंजी आठवली,
सोळा पोरं, कुणाची टाच कुणाच्या नाकाशी,
आणि मधेच कुणीतरी,
"सरक ना रे, झोपी रायला का मरी रायला?"

मी त्याला साखरझोप दिली.
साखर? त्याने दोनदा विचारलं,
मग वहीत लिहून घेतली.

आत तेरा अंशांवर केळीचे घड,
हिरवे, गप्प.

शेवटच्या आठवड्यात तानुकी सांगितलं.
तसं नाव असलेलं एक जनावर,
आणि त्याच्यावरून झोपेचं सोंग.
दुभाष्या हसला. मी झाकण विसळत राहिलो.

सकाळी सातला मी घरी जातो.
हेमलता बांगड्या कोपरापर्यंत चढवते,
वाजू नयेत म्हणून.
डाळ शेजारी नेऊन शिजवते,
कुकरची शिट्टी नको.
मी भिंतीकडे तोंड करून
श्वास मोजून सोडतो.
चार वर्षं झाली, दिवसाची झोप नाही.
तिला माहीत नाही.
किंवा माहीत आहे,
आणि तरी बांगड्या चढवते.

याला काय म्हणता, विचारणार होतो.
भुसावळला गाडीत बसवून दिलं,
पाण्याची बाटली घेऊन खिडकीशी आलो,
तर तो, दोन्ही हात मांडीवर,
वल्हवत निघालेला.