माउलीला रंग देताना

सणाला नऊ दिवस उरले की
कोर्लईच्या देवळातली माउली माझ्या हवाली होते.
बाकी वर्षभर मी होड्या रंगवतो.
जुलैत होड्या झावळ्यांखाली,
हात रिकामे, म्हणून ही सेवा,
असं माझा बाप म्हणायचा
आणि उरलेला रंग घरी आणायचा.

वेदीमागच्या खोलीत
तिच्या गालाशी शंभरचा बल्ब टांगलाय.
या हवेत रंग वाळत नाही,
नुसता विचार करत बसतो.

देल्फिना परवा पनवेलहून आली,
गळ्याच्या हाडाखाली चिंबोरी गोंदवून.
अख्खी चिंबोरी, नांग्यांसकट.
म्हटलं, मोशेच्या नियमात मनाई आहे.
म्हणाली, त्याच नियमात चिंबोरी खायलाही मनाई आहे,
काल दोन वाट्या रस्सा कुणी ओरपला?

उत्तर आलं नाही. राग आला.
म्हटलं, शरीर हे देवाचं मंदिर.
म्हणाली, आणि मंदिराला रंग कोण देतं, पप्पा?

फादर दारात उभे होते.
क्रूस मनात हवा, एवढं म्हणाले
आणि पाण्याची मोटर बंद करायला गेले.

रोझारी आत्याच्या हनुवटीवर तीन हिरवे ठिपके होते.
कम्युनिअन देताना फादरचा अंगठा
नेमका तिथेच टेकायचा.
कुणी काही बोललं नाही.
बोललंही असेल. आत्याला
त्या कानाने कमी ऐकू यायचं.

मी पॉलिश पेपर घासतो.
ओठांवरचा गेल्या वर्षीचा गुलाबी निघतो,
त्याखाली केशरी, रेवदंड्यात गुलाबी संपला होता त्या सालचा,
त्याखाली बापाचा लाल:
होडीच्या बुडाला लावतात तो, त्याच डब्यातला.
एवढी वर्षं अख्खं गाव
ताप, कर्ज, न परतलेली माणसं
त्या लालाला सांगत आलं.

मला आणखी खाली जायचं होतं.
तिचा खरा चेहरा बघायचा होता.
निघालं फणसाचं लाकूड, पिवळं,
ओठाच्या कोपऱ्यात किडीचं भोक.

लांबी भरली. अंगठ्याने दाबली.

बाजूला खांबावर तिचा मुलगा.
त्याच्या तळहातांची भोकं मात्र मी कधी बुजवली नाहीत,
उलट दर साली लाल करतो.
मरून उठला, तरी त्याने ती
तशीच ठेवली होती, दाखवायला.
हे आजच का सुचावं?

भिवयांना माझा हात हल्ली थरथरतो.
देल्फिनाने ब्रश घेतला, चिमटीत टोक केलं,
श्वास रोखून एकच रेघ ओढली.
डावी भिवई किंचित वर गेली,
माउलीने काही विचारल्यासारखी.
पुसू?
राहू दे, म्हटलं.

मग हात रॉकेलने धुताना
तिच्याकडे न बघता म्हणालो,
सणाला ओढणी नीट घे.
बघू, म्हणाली.