अठ्ठावन्नला

पन्नासपर्यंत काही नाही.
पंचावन्नलाही गाडी शहाण्यासारखी.
अठ्ठावन्नला, ब्रफच्या पुढे, पुलाच्या सांध्यावरून
डावं चाक गेलं की सुरू:
आधी स्टिअरिंगमध्ये बारीक शिरशिरी,
मग दोन्ही हात कोपरापर्यंत,
मग अख्खी डिफेंडर
अंगात आल्यासारखी घुमायला लागते.
मागे मेंढ्यांचा ट्रक, कुशीला वारा.
ब्रेक मारायचा नाही, नुसता पाय काढायचा
आणि चाळिसाखाली येईपर्यंत
जे पाठ असेल ते म्हणायचं.
मला सतराचा पाढा सुचतो, कुणास ठाऊक का,
आणि तोही त्रिकाच्या पुढे जात नाही.

निशिकांत म्हणाला, विकून टाक.
पेनरिथच्या गॅरेजवाल्यानं चाकं बॅलन्स केली.
रिमच्या आतून वाडगाभर वाळका चिखल निघाला,
बिल निघालं, दोन आठवडे बरे गेले.
मग त्यानं नवा डॅम्पर बसवला.
रोग म्हशीला, इंजेक्शन पखालीला.
थरथर गेली नाही, तिचं तोंड दाबलं फक्त.
माझ्याकडेही येतात असे,
लवंगेच्या तेलावर महिना काढून.

कर्बी स्टीफनला, लिलावाच्या आवारामागे,
विल्फ टॅलंटायरचं पत्र्याचं गॅरेज.
वय चौऱ्याहत्तर. चहाचा मग दोन्ही तळव्यांत धरून
त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं,
मी पेशंटचं ऐकते त्यापेक्षा जास्त वेळ.
मग म्हणाला, चाकं जमिनीवरच राहू देत.
एकानं बसून स्टिअरिंग हलवायचं,
डावीकडे दोन इंच, उजवीकडे दोन इंच.
दुसऱ्यानं खाली आडवं व्हायचं
आणि एकेका सांध्यावर बोट ठेवायचं.
मी सीटवर चढायला लागले.
"तू नाही. तू खाली."

हात पुढे केले त्यानं.
बोटांची टोकं पांढरी, मेणाची असावीत तशी.
चाळीस वर्षं इम्पॅक्ट गन धरून
त्यांतलं कळणं निघून गेलेलं.
शर्टाची बटणं बायको लावते, म्हणाला,
आणि चहा गरम आहे का, ते ओठांना विचारतो.

तर मी, दातांची डॉक्टर,
चांगला स्वेटर घालून आलेली,
पुठ्ठ्यावरून पाठीनं सरकत गाडीच्या पोटाखाली.
वरून तो हलवतोय.
ट्रॅक रॉडचं टोक: घट्ट.
दुसरं टोक: रबर फाटलंय, पण घट्ट.
स्टिअरिंग बॉक्स: काही नाही.
स्विव्हल: हं… नाही, माझाच श्वास होता तो.
मग तो आडवा दांडा, ॲक्सलला चासीशी बांधणारा,
त्याच्या वरच्या टोकाला तर्जनी टेकवली
आणि आलं.
टिक.
दिसलं काहीच नाही, टॉर्च मारूनही.
चासी आधी सरकते, दांडा नंतर,
मधे एक केसभर उशीर.
दुसऱ्या श्रेणीची हालचाल, मी मोठ्यानं म्हणाले,
तेही मराठीत.
"सापडलं?" वरून विल्फ.
"पुन्हा हलव."
टिक.
खरं तर पहिल्यांदाच कळलं होतं.

बुश निघाला तो शिळ्या केकसारखा चुरत.
बोल्टाचं गोल भोक अंडाकृती झालेलं.
नातू आला, वेल्डिंग केलं, नवं भोक पाडलं.
बोल्ट आवळला विल्फनंच, लांब पान्यानं,
खांद्याचा जोर लावून. मग सवयीनं
त्याच्यावर अंगठा फिरवला,
क्षणभर थांबला,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,
"बघ गं जरा, बसलाय ना नीट."
बसला होता.

परत जाताना वारा तसाच.
हात स्टिअरिंगवर, नको तितके घट्ट.
सतरा त्रिक एक्कावन्न.
पूल. सांधा. धप्, एवढंच.
सतरा चोक
अडुसष्ट.