खडीची पट्टी

आधी एक फोन करायचा, जमिनीखाली काय आहे ते विचारायला.
माणसं येतात, गवतावर रंग मारून जातात,
पिवळा गॅसचा, लाल विजेचा.
त्यांना न सापडलेली एक रेघ
थोरुनबाईंनी पांढऱ्या काठीनं दाखवली:
"इथून नळ गेलाय शेडकडे. बाल्दुरनं टाकला,
कुणाला न विचारता. त्याचं सगळं तसंच."

गिमलीची माती चिकण.
थंडीत फुगते, बर्फ वितळलं की बसते,
आणि वरचं काँक्रीट आडवं मोडतं, बिस्किटासारखं.
म्हणून मी फूटभर खणतो,
खडी दोन थरांत, प्रत्येक थर ठोकून.
बाप आसोरेस बेटांवरून आला तेव्हापासून हेच करत होता.
तो फारसा बोलत नसे,
शेवटी शेवटी त्याचे गुडघेच बोलायचे.

कागदावर साधं होतं: बारा फूट रुंद, चाळीस लांब,
उतार रस्त्याकडे, फुटाला पाव इंच,
गॅरेजच्या उंबऱ्याशी फुगायला-आकसायला सांधा.
कारण नर्सबाईनं बजावलेलं,
चाकांचा वॉकर खडीत रुततो,
एक दिवस पडाल आणि कळणारही नाही कुणाला.

दोऱ्या ताणून झाल्या, फळ्या ठोकायला घेतल्या,
तेव्हा थोरुनबाई पायरीवरून म्हणाल्या,
"मग मला कळणार कसं, कोण आलंय?"

मी हातोडी खाली ठेवली.

"टपालवाल्याची गाडी कुरकुरते, थांबते, कुरकुरते.
भाची जोरात येते, खडी उडवते,
तिला वाटतं मला दिसत नाही म्हणजे कळत नाही.
बाल्दुर यायचा तो दहा वर्षं एकाच चाकोरीतून,
तिथे खडी पार दळली गेली होती, आवाज मऊ यायचा.
तुझं हे काँक्रीट मुकं असतं ना?"

मुकंच असतं.
तीस वर्षं ओततोय, कुणी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी दुआर्तेनं, माझ्या भाच्यानं,
सिमेंटच्या पिशवीच्या पाठीवर नवीन आकृती काढली:
रस्त्याकडचे आठ फूट खडीचे,
तिचीच खणलेली खडी, चाळून, धुऊन.
पण एका कडेनं, टपालपेटीपर्यंत,
तीन फुटांची काँक्रीटची वाट, वॉकरपुरती.
फळ्यांना एक कोपरा वाढला,
आणि कोपऱ्यातूनच तडा सुटतो,
म्हणून तिथे तिरकी सळई जास्तीची.

मंगळवारी ट्रक आला, सकाळी सात वाजता.
या मालात हवेचे बारीक बुडबुडे मुद्दाम घालतात,
गोठणाऱ्या पाण्याला अंग पसरायला जागा म्हणून.
आम्ही लोटलं, फळीनं ओढलं, लांब दांड्याची थापी फिरवली,
आणि मग थांबलो.
पाणी वर येतं, चकाकतं,
ते आपोआप उडेपर्यंत हात लावायचा नाही.
घाई केली की पहिल्याच थंडीत वरची साल निघते.
दुआर्ते एकोणीस वर्षांचा, त्याला हे थांबणं सर्वांत कठीण.
थोरुनबाईंनी त्याला मनुका घातलेली चपटी पोळी दिली,
त्याने एक खाल्ली, एक खिशात ठेवली.

चमक गेली. झाडूच्या रेघा ओढल्या, आडव्या,
पाय घसरू नये इतक्या खरखरीत.
संध्याकाळपर्यंत दहा-दहा फुटांवर सांधे कापले.
तडा जाणारच,
आपण त्याला फक्त जागा नेमून द्यायची.
मग आठ दिवस ओलं ठेवायचं, गाडी आणायची नाही,
या थंडीत मीठ टाकायचं नाही, वाळू टाका.
मी हे तीनदा सांगितलं. त्या म्हणाल्या, बहिरी नाही मी.

नवव्या दिवशी हिशेब घ्यायला गेलो.
चाकं खडीवर आली, कुरकुरली, मग गप्प झाली.
दार वाजवायच्या आधीच उघडलं.
"मागचं डावं चाक," त्या म्हणाल्या, "बेअरिंग गेलंय.
हायवेला लागण्याआधी बघून घे."

गेलंच होतं.
खडी चाळल्याचे पैसे मी लावले नव्हते,
त्यांनी बोटांनी नोटा मोजून ते वर ठेवले.